रानात जायचं वय

मागच्या वर्षी आमच्या गावच्या सप्त्यात काल्याच्या आदल्या रात्री कीर्तनकार महाराजांनी चार आश्रम फोड करून सांगितले. पहिला ब्रह्मचर्य, दुसरा गृहस्थ, तिसरा वानप्रस्थ, चौथा संन्यास. केस पिकले, अंगाला सुरकुत्या पडल्या, नातवाचं तोंड बघितलं की माणसानं घर लेकाच्या हवाली करून रानात जावं, असं मनुस्मृतीत लिहिलंय म्हणाले. मी पुढंच वीणा घेऊन उभा होतो. माझ्याकडं बघून महाराज हसत म्हणाले, "माउली, तुमचं आता रानात जायचं वय झालं."

सगळा मांडव हसला. बायकांच्या बाजूनं आमची कारभारीण मोठ्यानं म्हणाली, "महाराज, ह्यांला रानातनं घरी आणायचं वय झालंय, तेवढं बघा!"

खरंच आहे. आमच्या बोलीत रान म्हणजे शेत. दहावीची परीक्षा दिली १९७७ साली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी रानातच आहे. तूर, उडीद, ज्वारी ह्यांच्यातच केस पिकले. नातू सहा वर्षांचा झाला. मग मी वानप्रस्थात गेलो की अजून गृहस्थाश्रमातच आहे? हसण्यावारी नेलेली ती गोष्ट रात्री अंथरुणावर पडल्यावर काही सुटेना. शास्त्र म्हणतं ह्या वयात सोडायला शिकावं. पण मी सोडायचं काय?

आमच्या वारकऱ्यांत घर सोडायची रीत नाही. गळ्यात तुळशीची माळ घालायची, एकादशी करायची, मांस-मद्य शिवायचं नाही, वर्षाला पंढरीची वारी करायची, आणि वारी झाली की परत येऊन आपलं काम धरायचं. आमच्या संतांकडं बघितलं तरी हेच दिसतं. सावता महाराज अरणला मळ्यातच राहिले, देव भाजीपाल्यात बघितला. गोरोबाकाका तेरला माती तुडवत राहिले. सेना महाराज हजामत करत, नरहरी सोनारकाम करत, जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करत. एकनाथ महाराज पैठणला बायकोपोरांत राहिले. तुकोबांचाही संसारच होता, आणि तो सोपा नव्हता.

उलट संन्यासाची गोष्ट निघाली की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढं विठ्ठलपंत येतात. लग्न झालेल्या माणसानं काशीला जाऊन संन्यास घेतला. गुरूला हे कळलं तेव्हा गुरूनं परत पाठवलं, जा, संसार कर म्हणाले. पंत आळंदीला आले, संसार केला, चार लेकरं झाली. पण चौथ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरलेला माणूस गावाला चालला नाही. घर वाळीत पडलं. लेकरांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं. प्रायश्चित्त म्हणून आईबापानं देह टाकला, पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं, असं परंपरा सांगते. त्यातल्याच एका पोरानं पुढं नेवाशाला बसून ज्ञानेश्वरी सांगितली, १२९० साली. म्हणजे आमची माउलीच मुळात आश्रमाच्या हिशेबात न बसलेली आहे.

आणि महाराजांनी त्या रात्री आणखी एक गोष्ट सांगितली नाही, मीही मधे तोंड घातलं नाही. शास्त्रातले हे चार आश्रम वरच्या तीन वर्णांसाठी. शूद्राला ते नाहीत. आम्ही कुणबी. तुकोबांनी स्वतःला शूद्रच म्हणवून घेतलं होतं. तेव्हा शास्त्राप्रमाणं बघितलं तर मला वानप्रस्थ नाहीच. शास्त्रानं मला जिथं उभं केलंय, तिथून खाली बघायला मात्र मी बरोबर शिकलो. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या आज्यानं, नवस केला होता की विहिरीला पाणी आलं तर नातवाला पायी पंढरपूरला आणीन. मला नेलं १९७४ साली. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावापासून पंढरपूर चार मुक्कामांवर. मी तेरा वर्षांचा होतो. दिंडीत साठ-सत्तर माणसं होती. त्यात मांगवाड्यातले एक जण होते, त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं गावात आहेत. बाबा दोर वळायचे. केकताड कुजवायचं, धुवायचं, वाक काढायचा आणि वळायचा. मोटेचा नाडा, सोंदूर, कासरा, दावं, सगळं त्यांच्या हातचं. खळ्यावर बलुतं मिळायचं. आमच्या विहिरीवरची मोट त्यांच्या नाड्यानं पाणी काढायची, पण त्या विहिरीत त्यांना घागर बुडवता येत नव्हती. हे तेव्हा मला दिसत होतं, पण खटकत नव्हतं. लहानपणापासून बघितलेलं खटकत नाही.

पहिल्या मुक्कामाला हरिपाठ झाला आणि माणसं एकमेकांच्या पाया पडायला लागली. वारीत लहानथोर बघत नाहीत, जो समोर येईल त्याच्या पायावर डोकं. माझ्या डोळ्यांदेखत आबा वाकले आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबाही वाकले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटायची राहिली, आणि दोघं हसले. गावात ज्या आबांपुढं माणसं पायताण काढून उभी राहायची, ते आबा! मला वाटलं, आता सगळं बदललं. पोरवयात असं लवकर वाटतं.

पंढरपुरात महाद्वारापाशी आलो. नामदेव पायरीला हात लावून माणसं पुढं सरकत होती. बाबा तिथं थांबले. समोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंत पडून चोखोबा त्याखाली गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथं ठेवल्या, असं सांगतात. जिवंतपणी देवळात येऊ दिलं नाही त्याला मेल्यावर दाराशी जागा. बाबांनी तिथं लोटांगण घातलं आणि बराच वेळ उठले नाहीत. मागची माणसं ओरडायला लागली. आबांनी सगळ्यांना हातानं थांबवलं.

बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "लेकरा, माझ्या बापानं जल्मभर वारी केली, पर कळसच बघितला. कळसाला हात जोडायचा अन् माघारी फिरायचं. मला आत जायला घावलं ते सत्तेचाळीस सालापासनं."

मोठेपणी मी वाचलं ते असं. साने गुरुजी १९४७ च्या १ मेला पंढरपुरात उपोषणाला बसले, तनपुरे महाराजांच्या मठात. १० मेला उपोषण सुटलं आणि पुढं देऊळ सगळ्यांना उघडलं. चोखोबा गेले १३३८ साली. दाराबाहेरच्या समाधीपासून दाराच्या आत यायला त्यांच्या माणसांना सहाशे वर्षं लागली. मधलं अंतर किती, तर चार पावलं.

आम्ही घरी आलो. आबांनी मावंदं घातलं. सगळी दिंडी जेवायला. अंगणात पंगत बसली, पुरणपोळीचा वास सुटला. मी वाढायला होतो. बाबा कुठं दिसेनात म्हणून बघितलं, तर गोठ्याच्या कडेला, दावणीच्या पलीकडं, एकटे बसलेले. समोर पत्रावळ. आई वरून पोळी टाकत होती, वरून तूप सोडत होती. जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःची पत्रावळ उचलली, बसल्या जागी शेणकाला केला, वळचणीला खोचलेला कान तुटलेला कप काढून चहासाठी पुढं केला. तो कप त्यांचाच होता. त्यांना माहीत होतं तो कुठं असतो.

रात्री मी आबांचे पाय चेपता चेपता विचारलं, "आबा, वाटंवर तुमी त्यांच्या पाया पडला. मंग घरी आल्यावर गोठ्यात का बसवलं?"

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाट देवाची असती, पोरा. घर माणसांचं असतं."

हे वाक्य मला फार वर्षं आवडत होतं. एखाद्या अभंगासारखं वाटायचं. पुढं कधीतरी कळलं की हा अभंग नाही, हे कुलूप आहे. वाट देवाची म्हटली की वाटेवर पाया पडायला खर्च येत नाही. घर माणसांचं म्हटलं की घरात काही बदलावं लागत नाही. देवाचा भाग देवाला, आपला भाग आपल्याला, दोघंही खूश. आबा वाईट नव्हते. त्याच दुष्काळात त्यांनी आमच्या कणगीतली ज्वारी मांगवाड्यात वाटली होती. पण ज्वारी दिली तरी पंगतीतली जागा दिली नाही. ज्वारी देताना आपण वरच असतो. जागा द्यायची तर सरकून बसावं लागतं.

आबा १९८८ साली गेले. १९९६ पासून दिंडीचं काम माझ्याकडं आलं. वीणा माझ्या गळ्यात, पंगतींची वही माझ्या हातात. तोवर काळ बदलला होता. मोट जाऊन मोटर आली होती. वळचणीचा कप मीच काढून टाकला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. आता बाबा आले की त्यांना पत्र्याच्या खुर्चीवर बसवून चहा द्यायचो. फक्त घरात कागदी कप आणून ठेवले होते, आल्यागेल्याला बरे पडतात म्हणून. भाऊबंद आले की स्टीलचे कप निघायचे. बाबा आले की कागदी. कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप होत होतं. आणि आपोआप होतं त्याला कुणी जबाबदार नसतो.

२००३ च्या ज्येष्ठात बाबा आले. ऐंशीच्या घरात होते, काठी टेकत आले. चहा घेतला आणि म्हणाले, "माउली, एक इचारायचं हाय. दिंडी निघायच्या आदल्या दिवशी एखादी पंगत माझ्या दारात व्हऊ द्या. मला आता वारी जमायची न्हाई. माउलींचे पाय घराला लागू द्या एकदा."

दिंडी निघण्याआधी आठ दिवस गावात रोज एका घरी पंगत असते. वहीत नाव लिहिलं की झालं. पेन माझ्या खिशाला होता.

मी म्हणालो, "बघू."

नाही म्हणालो नाही. मी कुणालाच नाही म्हणत नाही, गावात माझं तसं नाव आहे. रात्री दोघा-चौघांच्या कानावर घातलं. एक म्हणाला, जागा अरुंद आहे. एक म्हणाला, पाऊस आला तर चिखल होईल. एक जण काहीच बोलला नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला समजलं. मलाही तेच हवं होतं बहुतेक. बाबांना निरोप दिला की चिखलाचं अवघड आहे, पुढच्या साली बघू. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या माउली." त्या साली आषाढ निम्मा झाला तरी आमच्याकडं पावसाचा थेंब नव्हता. चिखल कुठला?

पुढच्या पौषात बाबा वारले. मी गेलो. मांगवाड्याच्या तोंडाशी लिंबाखाली उभा राहिलो, हात जोडले, आणि परत आलो.

आता कुणी म्हणेल की वर्ण जन्मानं नसतात, गुणानं आणि कर्मानं असतात, गीतेत तसंच सांगितलंय. मी हे पुष्कळ कीर्तनांत ऐकलंय आणि ऐकायला बरं वाटतं. पण मी आमच्या वळचणीच्या कपाचा विचार करतो. तो कप तिथं ठेवण्याआधी आमच्या घरातल्या कुणी बाबांचे गुण तपासले होते का? त्या माणसानं आयुष्यात एक एकादशी मोडली नव्हती. हरिपाठ तोंडपाठ होता. माझ्या चुलत्याची माळ दोनदा तुटली आणि कशानं तुटली ते गावाला माहीत होतं, तरी चुलता कायम पहिल्या पंगतीला. गुणानं जागा ठरत असती तर दावणीपलीकडं चुलता बसला असता. शिऊरच्या बहिणाबाई ब्राह्मण घरातल्या, त्यांनी कुणबी तुकोबांना गुरू केलं. त्यांनी गुण बघितले होते. म्हणून तर त्यांना घरातच मार खावा लागला.

दुसरा कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता हॉटेलात कोण कुणाशेजारी बसतंय कोण बघतो? तेही खोटं नाही. बार्शीच्या स्टँडवर मी कुणाशेजारीही बसून भजी खातो. पण तिथं मला कुणी ओळखत नाही. तीसुद्धा वाटच आहे. घरापाशी आलो की मी पुन्हा अमक्याचा नातू, तमक्या भावकीतला.

वारीला मी दोष देत नाही. वारी नसती तर आबांचं डोकं बाबांच्या पायावर मी कधीच बघितलं नसतं, आणि ते बघितलं नसतं तर मला प्रश्नही पडला नसता. वारीनं आम्हाला चार दिवस खरं काय ते दाखवलं. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस आमच्यावर सोडले. त्यात आम्ही नापास झालो. मी झालो.

कीर्तनातल्या त्या थट्टेनंतर मी मनाशी हिशेब मांडला. जमीन लेकाच्या नावावर केली, सातबारा उतरला. व्यवहार त्याच्याकडं दिला. हे सोडायला जड गेलं नाही, कारण ते माझ्याच घरात राहिलं. मग सोडायचं काय राहिलं? राहिला तो मान. पहिला गंध मला, पहिली पंगत मला, वीणा माझ्या गळ्यात, मांडवात पुढची जागा माझी. यातलं बरंचसं मी कमावलेलं नाही. अमक्या घरात जन्मलो म्हणून आलंय. सात-बाऱ्यावर त्याची नोंद नाही, म्हणून तलाठ्याकडं जाऊन ते उतरवताही येत नाही. म्हाताऱ्या माणसानं कशाला रानात जायचं असेल तर ह्याच्यासाठी जावं, असं मला वाटायला लागलं.

यंदा चैत्रात बाबांच्या नातवाकडं गेलो. बार्शीत मोटारींचं काम करतो, चाळिशीचा गडी. माळ घालत नाही. मी म्हणालो, "यंदा पहिली पंगत तुझ्या दारात करू. आज्याची इच्छा होती."

तो हात पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "काका, आजोबा मागत होते तेव्हा तुम्ही आला नाहीत. आता तुमच्या जिवाला लागलं म्हणून आमच्या दारात पंगत? ते पुण्य तुमचं, खर्च आमचा."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी उठलो, तसा म्हणाला, "दिंडी आणू नका. तुम्ही आणि काकू, दोघंच या. जेवायला या, पंगतीला नको."

एका रविवारी आम्ही दोघं गेलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी. त्याची आई, म्हणजे बाबांची सून, वाढत होती. बोलता बोलता तिनं सहज सांगितलं, "मामंजींनी त्या साली पंगतीसाठी हरभऱ्याची डाळ साठवली व्हती. वरीसभर थोडी थोडी करून चार पायल्या. तुमी बघू म्हणला म्हणून आषाढ संपस्तवर त्यांनी ती कुणाला काढू दिली न्हाई. येतील म्हणायचे."

घास तोंडात होता तो गिळता येईना. कारभारणीनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. कुणी काही बोललं नाही. मग त्या माउलीनं मला आणखी अर्धी भाकरी वाढली. मी नको म्हणालो नाही.

वारीच्या आधीच्या बैठकीत मी सगळ्यांपुढं सांगितलं की २००३ साली चिखल नव्हता. जुन्यांतले दोघं उठून गेले. एक म्हणाला, झालेलं उकरून काय मिळतंय? मी वही आणि वीणा पुढच्या माणसांकडं दिली. कुणाच्या घरी पंगत घालायची हे आता ती पोरं ठरवतील. बाबांच्या नातवाचं नाव वहीत नाही. मी त्यांना लिहू नका म्हणालो. ते नाव आम्ही लिहायचं नाही, त्यानं सांगितलं तर लिहायचं. नाही सांगितलं तर तोही त्याचा हक्क आहे.

यंदा वारीत मी दिंडीच्या शेवटी चाललो, पाण्याच्या टँकरपाशी. पंढरपुरात चोखोबांच्या समाधीपुढं डोकं टेकलं. बाबांसारखं बराच वेळ पडून राहावं असं वाटलं. पण मागून माणसं येत होती आणि त्यांना थांबवायला आबा नव्हते. मग उठलो, बाजूला सरकलो आणि मागच्याला जागा दिली.

आता पेरणी झालीय. सकाळी उठून मी रानात जातो.